समुद्रातून तेल निघतं, पण त्याच्यासोबत निघणाऱ्या पाण्याचं काय होतं?

कुर्डुवाडीत प्लॅटफॉर्म म्हटलं की रेल्वेचाच, दुसरा कुठला डोळ्यांपुढे येत नाही. पण सोलापूर जिल्ह्यातली, आपल्या मोहल्ल्यांतली काही मुलं आता दुसऱ्याच प्लॅटफॉर्मवर कामाला जातात. वेल्डर, फिटर, रिगर, पेंटर, कुक, हाउसकीपिंग अशी कामं असतात. जुहूहून हेलिकॉप्टरने किंवा मुंबईच्या बंदरातून बोटीने त्यांना समुद्रात नेलं जातं. घरचे सांगतात, "पोरगा ऑफशोअरला आहे." तिथे तो नेमका कशात काम करतो, हे मात्र अम्मी-अब्बांना क्वचितच ठाऊक असतं. तेल काढतात एवढंच माहीत असतं.

खरं तर तिथे तेलापेक्षा पाणीच जास्त हाताळावं लागतं. त्या पाण्याबद्दल मराठीत फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून आज आम्ही तो विषय घेतला आहे. कुर्डुवाडीपासून समुद्र रेल्वेने साडेतीनशे किलोमीटरहून जास्त लांब आहे, मग आपला काय संबंध, असं कोणाला वाटेल. संबंध रोजीचा आहे, आणि जेवणाचाही आहे. सुके बोंबील आणि सुकट आपल्याकडच्या बाजारातही येतात, ते याच समुद्रातून.

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. 'सागर सम्राट' या रिगला तिथे फेब्रुवारी 1974 मध्ये तेल लागलं आणि मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. क्षेत्र ओएनजीसी या सरकारी कंपनीकडे आहे. समुद्र तिथे साधारण 75 ते 80 मीटर खोल आहे. तेल त्याच्याही खाली, हजार मीटरहून खोल, चुनखडीच्या थरात आहे. तेल जमिनीखाली तळ्यासारखं साठलेलं असतं असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. ते दगडाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं असतं. स्पंज भिजलेला असावा तसं. आणि त्या स्पंजमध्ये तेलाच्या खाली, बाजूला, कधी तेलाबरोबरच लाखो वर्षांचं जुनं खारं पाणीही असतं.

विहीर नवी असते तेव्हा तेल जास्त येतं आणि पाणी कमी. वर्षं जातात तसं उलटं होऊ लागतं. तेल काढलं की जागा रिकामी होते, खालचं पाणी वर सरकतं आणि दाब कमी होतो. दाब टिकवायला मुंबई हायमध्ये 1984 पासून समुद्राचंच पाणी गाळून, त्यातला ऑक्सिजन काढून थरात पंपाने सोडतात. हे पाणी तेलाला विहिरीकडे ढकलतं, आणि शेवटी स्वतःही विहिरीतून वर येतं. म्हणजे जुन्या क्षेत्रात तेलाच्या एका बॅरलमागे दोन, तीन, कधी त्याहून जास्त बॅरल पाणी येतं. जगभरचा ढोबळ अंदाज एका बॅरल तेलाला तीन बॅरल पाणी असा सांगितला जातो. मुंबई हायला आता पन्नास वर्षं झाली आहेत. तेल कंपनी जितकी म्हातारी होते तितकी ती पाण्याची कंपनी होत जाते, असं म्हटलं तरी चालेल.

या पाण्याला इंजिनिअर लोक 'प्रोड्यूस्ड वॉटर' म्हणतात. आम्ही त्याला तेलासोबतचं पाणी म्हणू. ते साधं खारं पाणी नाही. त्यात तेलाचे थेंब असतात. शिवाय बेन्झीनसारखे आणि फिनॉलसारखे पदार्थ असतात, जे पाण्यात विरघळून जातात. थरातून आलेले बेरियमसारखे धातू असतात, कधी कधी रेडियमसारखे किरणोत्सारी घटकही अगदी थोड्या प्रमाणात असतात. पाइप गंजू नये, आत क्षार बसू नयेत, जीवाणू वाढू नयेत म्हणून माणसांनी टाकलेली रसायनंही त्यातच. आणि हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यासारखा वास असलेला विषारी वायू. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं. ते थरात गेलं की तिथले काही जीवाणू त्यापासून हा वायू बनवतात. दाब टिकवायला सोडलेल्या पाण्याने ही एक नवी डोकेदुखी आणली.

वुजूचं पाणी आपण बघतो तेव्हा रंग, वास, चव बदलली का ते पाहतो. वुजूसाठी ती कसोटी पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. समुद्रात सोडलेल्या या पाण्याची तपासणी मात्र तेवढ्यावर भागत नाही. बेन्झीन, फिनॉल किंवा बेरियम किती आहे ते प्रयोगशाळेतच कळतं. पाणी डोळ्यांना निवळशंख दिसत असतानाही ते त्यात असू शकतात.

तेल आणि पाणी वेगळं कसं करतात?

विहिरीतून वर आलेलं सगळं मिश्रण आधी एका मोठ्या आडव्या टाकीत जातं. तिथे वायू वर जातो, तेल मध्ये राहतं, पाणी खाली बसतं. इथपर्यंत गोष्ट सोपी आहे. रस्सा थंड होऊ दिला की तर्री वर येते, तसंच.

अडचण पुढे आहे. वर यायला थेंब मोठा असावा लागतो. थेंबाची जाडी निम्मी झाली की त्याचा वर चढण्याचा वेग निम्मा होत नाही, चौथाई होतो. केसाच्या जाडीएवढा तेलाचा थेंब एक मीटर पाणी चढायला साधारण वीसेक मिनिटं घेतो. त्याच्या दहाव्या भागाएवढा थेंब तेवढंच अंतर चढायला दिवसाहून जास्त घेतो. पंप, व्हॉल्व्ह आणि चोक यांतून जाताना थेंबांचा भुगा होत राहतो. प्लॅटफॉर्मवर दीड दिवस पाणी थांबवायला जागा कुठली? समुद्रात उभ्या लोखंडी सांगाड्यावर प्रत्येक टाकीचं वजन आणि प्रत्येक चौरस फूट मोजून वापरावा लागतो.

म्हणून मग युक्त्या कराव्या लागतात. एक युक्ती माढा-बार्शी भागातल्या कोणत्याही दूधवाल्याला समजेल. डेअरीत दूध जोरात गरगर फिरवतात, तेव्हा जड दूध बाहेरच्या बाजूला जातं आणि हलकी साय मध्यभागी गोळा होते. तेलासोबतचं पाणीही असंच निमुळत्या नळ्यांमधून जोरात फिरवत नेतात. जड पाणी कडेने जातं, हलकं तेल मध्यावर जमतं आणि उलट्या बाजूने काढून घेतलं जातं. याला हायड्रोसायक्लोन म्हणतात. फरक इतकाच की क्रीम सेपरेटरमध्ये भांडं फिरतं, इथे नळी जागेवरच राहते आणि पाणी फिरतं.

दुसरी युक्ती गुऱ्हाळात पाहिलेली आहे. काहिलीत रस उकळताना भेंडीचं पाणी घालतात, मग बारीक मळी एकत्र होऊन वर येते आणि झाऱ्याने काढता येते. इथेही तसंच रसायन घालून बारीक थेंब एकमेकांना चिकटवतात. मग खालून वायूचे बुडबुडे सोडतात. थेंब बुडबुड्याला चिकटून वर येतो आणि वरचा फेस ओढून घेतात. काही ठिकाणी पाणी तिरप्या पत्र्यांच्या थरांमधून नेतात. थेंबाला मीटरभर चढावं लागत नाही, दोन पत्र्यांमधलं बोटभर अंतर चढलं की पुरतं.

एवढं करूनही पाण्यात तेल थोडं राहतंच. आणि विरघळलेले बेन्झीन किंवा फिनॉल यातल्या कुठल्याच यंत्राने फारसे निघत नाहीत, कारण ही सगळी यंत्रं थेंब पकडणारी आहेत. हे लक्षात ठेवायला हवं. 'पाण्यावर प्रक्रिया केली' याचा अर्थ बहुतेक वेळा 'पाण्यातले थेंब काढले' एवढाच असतो.

चाळीसचा आकडा

भारतात यासाठी पर्यावरण संरक्षण नियमांत मर्यादा घालून दिली आहे. 1996 सालच्या अधिसूचनेनुसार समुद्रात सोडायच्या पाण्यात तेलाचं प्रमाण शंभरपैकी 95 वेळा लिटरमागे 40 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये आणि 100 मिलिग्रॅमच्या वर कधीच जाऊ नये. शिवाय हे मोजमाप पाणी मिसळून पातळ न करता करायचं आहे. ही शेवटची अट फार महत्त्वाची आहे. नाहीतर समुद्राच्या मधोमध बसून पाणी ओतून आकडा खाली आणणं काय अवघड आहे?

40 मिलिग्रॅम म्हणजे किती? घराच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी घ्या. तिच्यात तीन मोठे चमचे तेल टाकलं तर जवळपास तेवढं होतं. ऐकायला कमी वाटतं. बाहेरच्या देशांशी ताडून बघितलं तर उत्तर समुद्रात तेल काढणाऱ्या युरोपीय देशांनी आधीचा 40 चा आकडा 2007 पासून 30 वर आणला. अमेरिकेत महिन्याची सरासरी 29 आणि एका दिवसाची कमाल 42 अशी मर्यादा आहे. आपण 40 वरच आहोत. आणखी एक गोष्ट आम्हाला खटकते. साध्या मालवाहू जहाजाला आपल्या इंजिनरूमचं तेलकट पाणी समुद्रात सोडायचं असेल तर आंतरराष्ट्रीय नियमाने मर्यादा 15 ची आहे. जहाजाला 15 आणि प्लॅटफॉर्मला 40. जहाजाचं पाणी थोडं असतं आणि प्लॅटफॉर्मचं प्रचंड, त्यामुळे इतकं स्वच्छ करणं परवडत नाही, हे त्यामागचं कारण सांगितलं जातं. समुद्राच्या बाजूने पाहिलं तर हेच कारण उलटं लागू पडतं. जिथे पाणी प्रचंड, तिथेच मर्यादा कडक हवी.

इथे हिशेबाचा मुख्य मुद्दा येतो. नियम एका लिटरमध्ये किती तेल ते मोजतो. दिवसभरात एकूण किती तेल समुद्रात गेलं ते त्या आकड्यात दिसत नाही. समजा, एखाद्या ठिकाणाहून दिवसाला एक लाख बॅरल पाणी सोडलं जातं आणि ते अगदी 40 च्या मर्यादेत आहे. एक बॅरल म्हणजे सुमारे 159 लिटर. गुणाकार केला तर दिवसाला सहाशे किलोहून जास्त तेल नियमात बसून समुद्रात गेलं. उद्या तेच पाणी दोन लाख बॅरल झालं, तर तेल दुप्पट गेलं, आणि कागदावर आकडा तोच, 40. एक लाख हा आम्ही हिशेबासाठी धरलेला आकडा आहे. पण क्षेत्र जुनं होत जाणार आणि पाणी वाढत जाणार, हे मात्र धरलेलं नाही.

उजनीकाठच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी भीमेतून उजनीत येतं. वरच्या प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी म्हणतं की आमचं पाणी ठरलेल्या मर्यादेत आहे. सगळ्यांचं मिळून खाली जे साठतं ते आपल्या डोळ्यांपुढे आहे. समुद्र उजनीपेक्षा कितीतरी पटींनी मोठा आहे, लाटा आणि प्रवाह आहेत, पाणी लवकर पांगतं, हे खरं आहे. उत्तर समुद्रात प्लॅटफॉर्मच्या जवळ पिंजऱ्यांत शिंपले ठेवून तपासण्या झाल्या आहेत. जवळच्या शिंपल्यांच्या अंगात तेलातले घटक सापडतात, लांब गेल्यावर ते कमी होत जातात. म्हणून बाजारातले बोंबील पाहून कोणी घाबरायचं कारण नाही. मासेमारीच्या बोटींना प्लॅटफॉर्मभोवती 500 मीटरच्या आत जायला बंदीही आहे. ती सुरक्षेसाठी आहे, पण या बाबतीतही उपयोगी पडते.

खोदाई करताना निघणारा चिखल आणि दगडाचा चुरा हा वेगळा विषय आहे. त्यासाठी 2005 चे वेगळे नियम आहेत. प्लॅटफॉर्मवर राहणाऱ्या माणसांचं संडास-बाथरूमचं आणि किचनचं पाणी असतं, त्याचेही नियम आहेत. त्यात आज जात नाही.

मग करायचं काय? सगळ्यात चांगला उपाय जुनाच आहे. पाणी आलं तिथेच परत पाठवायचं. दाब टिकवायला आपण समुद्राचं पाणी खाली सोडतोच, त्याच्या जागी हेच पाणी सोडायचं. समुद्रात एक थेंब टाकायला नको. हे सोपं का नाही, तेही सांगतो. दगडाची छिद्रं बारीक असतात. पाण्यात राहिलेलं तेल आणि गाळ त्यात अडकला तर विहीर तुंबते, आपल्या संडासाच्या शोषखड्ड्यासारखी. थरातलं पाणी आणि समुद्राचं पाणी एकत्र झालं की बेरियम आणि सल्फेट मिळून पाइपात दगडासारखा थर बसतो. जास्त पंप हवेत, जास्त वीज हवी, जुन्या प्लॅटफॉर्मवर जागा हवी. खर्च मोठा आहे. आमचं मत असं की हा खर्च तेलाच्या किमतीतच धरायला हवा. आज तो धरला जात नाही, म्हणून समुद्रात टाकणं स्वस्त वाटतं.

हे आत्ता बोलायचं एक कारणही आहे. मुंबई हायचं उत्पादन वाढवायला ओएनजीसीने जानेवारी 2025 मध्ये ब्रिटनच्या बीपी कंपनीची 10 वर्षांसाठी तांत्रिक सल्लागार म्हणून निवड केली. जुन्या क्षेत्रातून जास्त तेल म्हणजे त्याच्यासोबत जास्त पाणी. त्या पाण्याची सोय आधी ठरली पाहिजे.

किनाऱ्यावर येतं ते उरणला. समुद्रातून पाइपने आलेल्या तेलात अजून पाणी असतं, ते इथे वेगळं करतात, वायूपासून एलपीजी काढतात. सांडपाण्यावर प्रक्रिया होते ती इथेच. उरण आणि रायगडच्या किनाऱ्यावर तेलाची आठवण चांगली नाही. मे 1993 मध्ये मुंबई हायहून येणारी पाइप फुटली आणि हजारो टन तेल समुद्रात गेलं, मुरूडपर्यंतच्या किनाऱ्याला त्याचा फटका बसला. सप्टेंबर 2023 मध्ये पीरवाडीच्या किनाऱ्यावर तेल आलं आणि तिथल्या मच्छीमारांचं आणि शेतकऱ्यांचं नुकसान झालं. या गळत्या आहेत, रोजचं सांडपाणी नव्हे. पण 3 सप्टेंबर 2019 ची घटना सांडपाण्याच्या बाबतीत शिकण्यासारखी आहे. त्या दिवशी सकाळी उरणच्या प्लांटमध्ये आग लागली ती पावसाच्या पाण्याच्या गटारात. चार जण गेले, त्यातले तिघे आग विझवायला गेलेले सीआयएसएफचे जवान होते. ज्या गटारात फक्त पाणी असायला हवं तिथे तेल शिरलं की गटारही पेटतं.

घरच्यांनी आपल्या पोराला विचारायच्या गोष्टी

ज्या घरातलं कोणी ऑफशोअरला किंवा किनाऱ्यावरच्या प्लांटला ठेकेदाराकडे कामाला आहे, त्यांच्यासाठी हे. टाकी साफ करणं, स्लॉप टँक रिकामा करणं, फिल्टर बदलणं ही कामं बहुतेक ठेकेदाराच्या मुलांकडे येतात. सगळ्यात मोठा धोका हायड्रोजन सल्फाइडचा आहे. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो. हवेत प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते आणि वास येईनासा होतो. मुलाला वाटतं वायू गेला, आणि तो वाढलेला असतो. म्हणून टाकीजवळ जाताना अंगावर वायू मोजणारं यंत्र हवंच, नाकावर भरवसा ठेवायचा नाही. बंद टाकीत उतरण्यासाठी लेखी परमिट लागतं, आतली हवा मोजावी लागते, बाहेर एक माणूस उभा लागतो. आतला माणूस पडला तर त्याच्यामागे बिनमास्क उडी मारायची नाही. अशा अपघातांत वाचवायला गेलेलेही अनेकदा मरतात. जुन्या पाइपांतला कडक पांढरा थर खरवडताना धूळ नाकात जाऊ देऊ नये, त्यात किरणोत्सारी घटक असू शकतात. मुलगा सुट्टीवर आला की अब्बांनी एवढं तरी विचारावं, "बेटा, टाकीत उतरताना मीटर देतात का?" ओएनजीसीच्या कायम कर्मचाऱ्यांची पाळी 14 दिवस काम आणि 14 दिवस सुट्टी अशी असते. ठेकेदाराच्या मुलांना जास्त दिवस सलग राहावं लागतं, आणि थकलेला माणूस परमिट वाचत नाही.

बाकी, माहिती मागायचा रस्ता उघडा आहे. मुंबई हाय 12 सागरी मैलांच्या प्रादेशिक हद्दीबाहेर पण 200 मैलांच्या आर्थिक क्षेत्रात येतं, त्यामुळे तिथला कारभार केंद्राकडे आहे. ओएनजीसी सरकारी कंपनी असल्याने तिला 2005 चा माहिती अधिकार कायदा लागू होतो, अर्जाची फी 10 रुपये. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला, अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो. अर्जात तीन गोष्टी विचाराव्यात. वर्षभरात एकूण किती पाणी समुद्रात सोडलं, त्यातलं किती परत थरात सोडलं, आणि 40 च्या वर आकडा किती वेळा गेला. फक्त लिटरमागचा आकडा मिळाला तर पुन्हा अर्ज करावा आणि एकूण किलो विचारावेत. अर्ज मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत चालतो. कॉलेजला जाणाऱ्या कोणाही मुलामुलीला तो घरबसल्या लिहिता येईल.